पिकांच्या वैद्याची उमेदवारी

द्राक्षाच्या मुलखात ऑक्टोबर छाटणी आटोपली, की औषधांच्या दुकानांत गर्दी लोटू लागते. शेतकरी पिशवीतून चारसहा पाने काढून फळीवर ठेवतो. दुकानदार पान उलटसुलट करून पाहतो आणि दोनतीन बाटल्या पुढे सरकवतो. बिल बाटल्यांचे होते, सल्ल्याचे होत नाही. सल्ला फुकट मिळाला या समाधानात शेतकरी घरी जातो. परंतु त्या तीन बाटल्यांपैकी एखादी अनावश्यक असली, तर सल्ल्याचे मोल त्याने चुकते केलेलेच असते. ते बिलावर निराळे लिहिलेले नसते एवढेच.

ते निराळे लिहिले जावे, म्हणजेच सल्ला ही स्वतंत्र सेवा मानून तिचा मोबदला उघडपणे दिला-घेतला जावा, या विचाराने अनेक कृषी पदवीधर स्वतःचा सल्लाव्यवसाय सुरू करू लागले आहेत. नाशिक आणि सांगली जिल्ह्यांतील द्राक्ष बागायतदारांना एकरी फी घेऊन बाग पाहणारा सल्लागार आता नवा राहिलेला नाही. तथापि पदवी हाती पडली म्हणजे कोणी सल्लागार होत नाही. वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण प्रथम एखाद्या जुन्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करतो. नवा डॉक्टर मोठ्या रुग्णालयात अनुभव घेतो. पिकांच्या वैद्याला मात्र उमेदवारीची गरज आहे, ही गोष्ट अजून पुरेशी रुजलेली नाही. त्याची चूक कोणत्याही रुग्णालयाच्या दप्तरी नोंदली जात नाही. ती शेतकऱ्याच्या बागेत उमटते आणि सोसायटीच्या थकबाकीत दिसते.

केंद्र सरकारने ९ एप्रिल २००२ रोजी कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्र ही योजना सुरू केली, तेव्हा ही गरज ओळखली गेली होती. कृषी शाखेच्या बेकार पदवीधरांना स्वतःचा व्यवसाय काढता यावा आणि शासकीय विस्तारकार्यास पूरक सेवा गावातच उपलब्ध व्हावी, असा तिचा दुहेरी हेतू. प्रशिक्षणाची जबाबदारी हैदराबादच्या 'मॅनेज' या नावाने परिचित असलेल्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेकडे आणि अनुदानाची व्यवस्था नाबार्डकडे सोपविण्यात आली. विनामूल्य निवासी प्रशिक्षण आरंभी दोन महिन्यांचे होते, पुढे ते ४५ दिवसांचे झाले. २०१० साली सुधारलेल्या नियमांत एका व्यक्तीच्या २० लाख रुपयांपर्यंतच्या प्रकल्पास ३६ टक्के, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती तसेच ईशान्येकडील व डोंगरी राज्यांतील अर्जदारांस ४४ टक्के अनुदान ठरविले गेले. याच योजनेत आणखी एक कलम आहे. प्रशिक्षण संपल्यावर प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने उमेदवारास एक वर्षपर्यंत हात धरून चालवावे, असे त्यात म्हटले आहे.

अर्जदाराचे लक्ष प्रथम कर्ज आणि अनुदान या कलमांकडे जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. रोपवाटिका काढावयाची, यंत्रे भाड्याने द्यावयाची किंवा प्रयोगशाळा उभारावयाची, तर भांडवल हवेच. परंतु केवळ सल्ला देऊ इच्छिणाऱ्यास लागते ती एक मोटारसायकल, एक भिंग, सामू व क्षारता मोजणारे लहान यंत्र, खुरपे, आणि वही. त्याच्यासाठी योजनेतील सर्वांत मोलाचे कलम हात धरून चालविण्याचे आहे. आणि तेच कागदावर सर्वांत थोडक्यात लिहिलेले असल्याने तो हात कोणाचा असावा, त्याने काय करावे, हे ज्याचे त्याला शोधावे लागते.

उमेदवार आणि मार्गदर्शक

अशा एका उमेदवाराचे उदाहरण डोळ्यांसमोर घेऊ. तो निफाडकडचा समजावा. तासगावकडचा समजला तरी हकीकतीत फारसा फरक पडणार नाही. कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन त्याने चार वर्षे औषधांच्या एका कंपनीत विक्री प्रतिनिधी म्हणून काम केले आहे. घरी वडिलांची अडीच एकर जमीन. नोकरी सोडून सल्लागार होण्याचा बेत त्याने घरात सांगितला, तेव्हा वडील म्हणाले, "माणूस डॉक्टरला पैसे देतो, कारण दुखणं त्याच्या अंगात असतं. पान पिवळं पडलं म्हणून तुला फी कोण देईल?" या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. पीकशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते सापडण्यासारखे नव्हते.

मार्गदर्शक म्हणून त्याने गाठले ते तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला पंचवीस वर्षे बागा पाहणारे एक वयस्कर सल्लागार. त्यांना सारे अण्णा म्हणत. अण्णांनी तीन अटी घातल्या. एक संपूर्ण हंगाम उमेदवाराने त्यांच्या मागून हिंडावे आणि शेतकऱ्यासमोर तोंड उघडू नये. पुढील तीन वर्षे त्यांच्या गावांत व्यवसाय करू नये. आणि त्यांच्याकडे शिकत आहे तोवर कोणत्याही कंपनीकडून वा दुकानाकडून पैसा घेऊ नये. याखेरीज स्वतःचा व्यवसाय सुरू होईल त्या वर्षी मार्गदर्शनाचे पंधरा हजार रुपये दोन हप्त्यांत द्यावे. उमेदवाराच्या चेहऱ्यावरील भाव पाहून ते म्हणाले, "मी फुकट शिकवलं, तर तूही फुकट सांगशील, आणि मग दुकान काढशील." हे सर्व एका साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या.

मार्गदर्शक निवडताना पुष्कळदा मोठे नाव पाहिले जाते. परंतु ज्याचे स्वतःचे उत्पन्न औषधाच्या खपावर अवलंबून आहे तो गृहस्थ कितीही विद्वान असला, तरी या कामास उपयोगी नाही. कारण नेमकी जी सवय उमेदवाराने टाकावयाची आहे, ती त्याच्याकडून पक्की होते. ज्याच्याशी पुढे त्याच गावांत स्पर्धा करावी लागेल, तोही मार्गदर्शक मोकळेपणाने बोलत नाही. अण्णांनी दुसरी अट आधीच घालून टाकली, ती याच कारणाने. आणखी एक कसोटी अशी, की त्याने आपल्या चुकलेल्या सल्ल्यांची हकीकत विचारता क्षणी सांगावी. ज्याला असा एकही प्रसंग आठवत नाही, त्याने बागा फार थोड्या पाहिल्या असल्या पाहिजेत.

एक हंगाम पाठीमागून

पहिल्याच आठवड्यात एका बागेत शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी पडलेली आढळली. शिरा तेवढ्या हिरव्या होत्या. शेतकऱ्याने दुकानातून आणलेले बुरशीनाशक दोनदा मारून झाले होते. पाने पाहताच उमेदवाराच्या मनात लोहाची कमतरता हे निदान उभे राहिले, आणि ते बरोबरही होते. जुनी पाने आधी पिवळी पडली, तर नत्र किंवा मॅग्नेशियमकडे संशय जातो. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला, तर लोहाकडे. अण्णांनी मात्र लोहाचे नाव काढले नाही. त्यांनी वेलीजवळ खुरप्याने हातभर खड्डा केला, मातीचे एक ढेकूळ काढले आणि त्यावर सौम्य केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले. माती फसफसली. मग त्यांनी शेतकऱ्याला विचारले, "पाणी किती वेळ सोडता?" उत्तर आले, "लाइट असेल तोवर." खड्ड्याच्या तळाशी मुळ्या काळपट झाल्या होत्या.

परत येताना त्यांनी उमेदवारास विचारले, की यात नवे काय शिकलास. तो म्हणाला, "चुनखडीमुळे लोह मिळत नाही." अण्णा म्हणाले, "ते तुला कॉलेजात शिकवलं होतं. त्याला ते दिसलं, हे नवं." जमिनीत लोह असते, परंतु मुक्त चुन्यामुळे आणि मुळांशी साचलेल्या पाण्यामुळे ते वेलीला घेता येत नाही. ही गोष्ट शेतकऱ्याने ढेकळावर फेस आलेला पाहिला तेव्हा त्याला पटली, आणि पाण्याची वेळ त्याने आपण होऊन कमी केली. नुसती लोहाची फवारणी लिहून दिली असती, तर पाने महिनाभर हिरवी झाली असती आणि पाणी तसेच वाहत राहिले असते.

अण्णांची शिकविण्याची पद्धत अशीच होती. ते उत्तर क्वचितच देत. रोज संध्याकाळी उमेदवाराची वही वाचीत आणि समासात प्रश्न लिहीत. "मागची फवारणी कधी झाली?" "एकरी पाणी किती लिटर वापरले?" "पाण्याचा सामू मोजला का?" "हे तू पाहिलेस, की त्याने सांगितले?" शेवटचा प्रश्न जवळजवळ दर पानावर असे. वहीत पाहिलेले एका रकान्यात आणि ऐकलेले दुसऱ्या रकान्यात लिहावे, असा त्यांनी दंडक घातला. प्रथम हा प्रकार उमेदवारास पोरकट वाटला. परंतु विक्री प्रतिनिधी म्हणून काम करताना आपण चार वर्षे दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात धरीत होतो, हे त्याच्या ध्यानात यावयास दोन महिने लागले.

डिसेंबरनंतर अण्णांनी त्याला बोलण्याची परवानगी दिली. आता तो बाग पाही, आणि अण्णा बांधावर बसून राहत. उमेदवार फार बोलतो, शेतकऱ्याचे वाक्य पुरे होण्यापूर्वी उत्तर देतो, ही त्यांची मुख्य तक्रार. एकदा त्यांनी खिशातील घड्याळ काढून मोजले: शेतकरी दोन मिनिटे बोलला होता आणि उमेदवार अकरा.

फीचा हिशेब

दुसऱ्या हंगामात उमेदवाराने स्वतःच्या भागात अठरा बागायतदार मिळविले. प्रत्येकाची सरासरी दोन एकर बाग धरली, तर छत्तीस एकर झाले. पुढील आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. ज्याने त्याने ते आपल्या भागाप्रमाणे बदलून पाहावे. एकरी अडीच हजार रुपये फी धरता हंगामाचे नव्वद हजार होतात. रोज साठ किलोमीटर याप्रमाणे १३० दिवसांचे पेट्रोल साडेसोळा हजार, गाडीची दुरुस्ती, फोन, कागद व उपकरणे यांचे बारा हजार, अण्णांचे पंधरा हजार. उरले साडेशेहेचाळीस हजार. बारा महिन्यांत वाटले, तर महिन्याला चार हजारांच्या आतच. नोकरीत एवढी रक्कम तो दोन महिन्यांत मिळवीत होता.

हा हिशेब अण्णांनी त्याला नोकरी सोडण्यापूर्वीच करावयास लावला होता, आणि पहिली दोन वर्षे घर कशावर चालणार हे वडिलांसमोर बसून ठरविण्यास सांगितले होते. पुष्कळ सल्लाव्यवसाय बुडतात ते ज्ञान अपुरे असते म्हणून नव्हे. घरखर्चाची तरतूद केलेली नसते, आणि तिसऱ्याच महिन्यात अशा मार्गाने पैसा घ्यावा लागतो की ज्याने व्यवसायाचा पायाच खचतो. या घरी म्हैस होती, अडीच एकर होती, आणि नोकरीतील शिल्लक मुदतठेवीत होती. म्हणून निभाव लागला.

मोहाचा प्रसंग आलाच. बाजारपेठेतील एका दुकानदाराने कळविले, की तुमच्या चिठ्ठीवर जो माल उचलला जाईल, त्यावर शंभराला दहा रुपये तुमचे. एकरी चाळीस हजारांची औषधे व खते धरली, तर छत्तीस एकरांची खरेदी चौदा लाख चाळीस हजारांची होते, आणि तिच्यावरील दहा टक्के म्हणजे एक लाख चव्वेचाळीस हजार. वर्षभर उन्हातान्हात हिंडून मिळणाऱ्या फीपेक्षा ही रक्कम दीडपटीहून अधिक. उमेदवार कागद घेऊन अण्णांकडे गेला. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी कागद पाहिला आणि विचारले, "पुढच्या वर्षी तू तुझ्या शेतकऱ्यांचा औषधाचा खर्च चाळीस हजारांवरून तीस हजारांवर आणलास, तर तुझं काय होईल?" उमेदवाराने तेथेच गुणाकार केला. चांगले काम केल्याबद्दल त्याला छत्तीस हजारांचा दंड बसत होता.

यात दुकानदारास खलनायक ठरविण्याचे कारण नाही. कीटकनाशक अधिनियम, १९६८ प्रमाणे परवाना घेऊन धंदा करणारा विक्रेता आपला माल विकतो, ते त्याचे कामच आहे. त्याचे ज्ञान वाढावे म्हणून 'मॅनेज' संस्थेने २००३ पासून विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रमही चालविला आहे, आणि तो केलेले विक्रेते अनेकदा ग्राहकास योग्य मार्गदर्शन करतात. प्रश्न विक्रेत्याच्या सचोटीचा नाही. चिठ्ठी लिहिणारा हात आणि पैसे घेणारा हात एकाच देहाचे असले, की शेतकऱ्याला तपासून पाहावयास जागा उरत नाही. म्हणून अण्णांच्या सांगण्यावरून उमेदवाराने आपल्या चिठ्ठीचा नमुना ठरविला. तीत रोग किंवा किडीचे नाव, औषधाचे तांत्रिक नाव, लिटरमागे प्रमाण, एकरी पाणी, आणि फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबावयाचे, एवढेच असे. व्यापारी नाव लिहिले जात नसे. शेतकऱ्याने ती चिठ्ठी घेऊन कोणत्याही दुकानात जावे आणि भाव विचारावा.

काढणीपूर्व दिवसांचा रकाना उगाच घातलेला नाही. २०१० साली वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाचे अवशेष भारतीय द्राक्षांत युरोपात आढळले, आणि निर्यातीचा हंगाम अडचणीत आला. त्या वर्षी ज्यांचा माल अडकला, त्यांतील पुष्कळांनी कोणाच्या तरी तोंडी सांगण्यावरूनच ते वापरले असणार. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना अनेक शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने दगावले. एकाहून अधिक औषधांचे मिश्रण, उंच वाढलेले पीक आणि संरक्षक साधनांचा अभाव यांची तेव्हा चर्चा झाली. फवारा मारणारा मनुष्य बहुधा मजूर असतो आणि चिठ्ठी त्याच्या हाती कधी येत नाही. यास्तव डब्यावरील चौकोनाच्या खालच्या भागाचा रंग लाल वा पिवळा असेल, तर तसे चिठ्ठीच्या माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून मजुरास वाचून दाखविण्याची पद्धत उमेदवाराने घातली. एका बागायतदाराने यावरून त्याची थट्टा केली. त्याच्या मजुराने केली नाही.

फुलोऱ्यातील पाऊस

पहिल्या स्वतंत्र हंगामात त्याचा सल्ला चुकला. नोव्हेंबरात बागा फुलोऱ्यात होत्या. केवडा या रोगास वेल या अवस्थेत फार लवकर बळी पडते. पाने रात्रभर ओली राहिली, की पानाच्या वरच्या बाजूस तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसू लागते, आणि तीच घडावर गेली म्हणजे घड कुजतो. सोमवारी एका बागेतून फोन आला: आजची फवारणी करावी की दोनचार दिवस थांबावे? उमेदवाराने वही पाहिली. आधीची फवारणी शुक्रवारी झाली होती, आकाश निवळले होते. त्याने सांगितले, की गुरुवारपर्यंत थांबावयास हरकत नाही.

रविवारी रात्री त्याच्या गावात पाऊस नव्हता. टेकडीपलीकडे त्या बागेवर मात्र अर्धा तास सर पडून गेली होती. शुक्रवारचे संरक्षक औषध धुऊन गेले होते आणि पाने सकाळी दहापर्यंत ओली होती. आठवड्याने दोन एकरांपैकी पाऊण एकरातील घडांवर बुरशी दिसली.

त्या घरात फवारणीची नोंद शेतकऱ्याची पत्नी ठेवीत असे. तिने वही उघडून दाखविली. "रविवारी रात्री पाऊस, हे मी लिहून ठेवलं होतं. तुम्ही फोनवर पाऊस विचारलाच नाही." शेतकरी बोलला नाही. त्याने ती पाने हातात चुरगळली आणि तो विहिरीकडे निघून गेला.

उमेदवार रात्री अण्णांकडे पोहोचला. बेमोसमी पाऊस, हवामानखात्याचा अंदाज, शेतकऱ्याने आपण होऊन न सांगणे, अशी त्याची कारणे तयार होती. अण्णांनी ती सर्व ऐकून घेतली आणि विचारले, "वहीतल्या कोणत्या रकान्यात पाऊस होता?" पावसाचा रकानाच वहीत नव्हता. "मग उद्या उजाडता तिथं जा. तीन गोष्टी सांग. मी काय सांगितलं होतं, त्यात माझं काय चुकलं, आणि आता काय करायचं. चौथी गोष्ट सांगू नकोस." फीचे काय करावे असे उमेदवाराने विचारले. त्याचे उत्तर त्यांनी दिले नाही.

दुसऱ्या दिवशी तो गेला. कुजलेले घड काढून बागेबाहेर पुरणे, गर्दीची पाने विरळ करून हवा खेळती ठेवणे, उरलेल्या सव्वा एकराचे संरक्षण, हे त्याने स्वतः मजुरांबरोबर उभे राहून करविले. त्या हंगामाचे पुढील दोन हप्ते घेणार नाही असे सांगितले, आणि भेटी पूर्वीइतक्याच ठेवल्या. शेतकऱ्याने त्याला चहा विचारला नाही. तीन भेटींपर्यंत नाही. पाऊण एकराचे नुकसान काही भरून आले नाही. चांगल्या वागणुकीने कुजलेला घड पुन्हा धरत नाही, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. कारण अशा हकीकतींचा शेवट गोड करण्याची एक सवय लिहिणाऱ्यांना असते. त्या आठवड्यापासून त्याच्या वहीचा पहिला रकाना पावसाचा झाला, आणि फोनवरील त्याचा पहिला प्रश्नही तोच.

ज्या सल्लागारास मार्गदर्शक नसतो, त्याची अशा रात्री दोनपैकी एक गत होते. तो हवामानास दोष देऊन मोकळा होतो, किंवा घाबरून पुढील वर्षी सर्व बागांना दुप्पट फवारण्या लिहून देतो. दुसरा प्रकार अधिक घडतो, आणि तो लवकर ओळखू येत नाही. कारण दुप्पट फवारणी म्हणजे अधिक काळजी असे शेतकऱ्यासही वाटते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

खाजगी सल्लागार आला, की आपले महत्त्व कमी होईल अशी शंका काही कार्यकर्त्यांच्या मनात येते. वस्तुतः एका कार्यकर्त्याकडे अनेक गावे आणि असंख्य योजनांचे कागद असतात. दर आठ दिवसांनी एकच बाग पाहणे त्यास शक्य नसते. सल्लागारासही मर्यादा असते. छाटणीनंतरच्या पहिल्या पन्नास दिवसांत प्रत्येक बाग आठवड्यास एकदा पाहावयाची, आणि दिवसाला पाच बागा नीट पाहून होतात, असे धरले, तर सहा दिवसांत तीस बागा होतात. याहून अधिक बागा घेणारा सल्लागार काही बागा फोनवर पाहत असला पाहिजे. शेतकऱ्याने फी ठरविण्यापूर्वी, तुमच्याकडे बागा किती, हा प्रश्न अवश्य विचारावा. दुसरा प्रश्न: तुम्हांला औषधाच्या विक्रीतून काही मिळते काय? आणि तिसरा: फी हप्त्याने घ्याल काय? छाटणीस एक, मणी धरल्यावर एक, आणि काढणीनंतर एक, अशी तीन हप्त्यांची पद्धत दोघांसही सोयीची पडते. फी उत्पन्नाच्या हिश्श्यावर मात्र ठरवू नये. बाजारभाव सल्लागाराच्या हाती नसतो, आणि त्याने उत्पन्नाच्या लोभाने वेलीवर अधिक घड ठेवावयास सांगितले, तर पुढील वर्षाची काडी दुबळी होते.

कार्यकर्त्याने नव्या सल्लागारास एकदा गावसभेत उभे करावे, त्याच्या चिठ्ठीचा नमुना सर्वांना दाखवावा, आणि माती, पाणी व पानदेठ यांचे नमुने कोणत्या प्रयोगशाळेकडे जातात ते विचारून घ्यावे. द्राक्षापुरते बोलावयाचे तर पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथील शिफारशी आणि सल्लागाराची चिठ्ठी यांत तफावत दिसली, तर कारण विचारण्याचा अधिकार प्रत्येक बागायतदारास आहे. कारण सांगता आले, तर तफावत असावयास हरकत नाही.

एप्रिलमध्ये खरड छाटणीची तयारी सुरू झाली, तेव्हा उमेदवार आणि अण्णा हंगामाच्या अखेरच्या बैठकीस बसले. अठरांपैकी चौदा बागायतदारांनी पुढील वर्षासाठी होकार दिला होता. त्यांत फुलोऱ्यात नुकसान झालेले ते घरही होते. एकाने भाव पडल्यामुळे फी परवडत नाही असे सांगितले. एकाने बाग काढून टाकली होती. एकाचा मुलगा कृषी महाविद्यालयातून शिकून परतला होता. चौथ्याने काहीच कळविले नव्हते. जमाखर्च पाहून झाल्यावर अण्णांनी मार्गदर्शनाचा दुसरा हप्ता मोजून घेतला, त्याची पावती लिहिली, आणि केवळ त्या चौथ्याबद्दल विचारले. उमेदवार म्हणाला, की एखाद्याचे मन नसते, जाऊ द्यावे. अण्णा म्हणाले, "कारण विचारून ये. फी मागू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, तो त्या चौथ्या बागेकडे निघाला.